निळ्या ड्रमातले पाणी

शनिवारी सकाळी वीटभट्टीवर मजूर नेणाऱ्या चिमण मुकादमाची मोटारसायकल उंबरपाड्यात आली, तेव्हा रखमी टाकीतल्या माशांना खाणे टाकत होती. त्याने गाडी बंद केली नाही. एक पाय खाली टेकवून कुंपणावरूनच विचारले, "रखमे, नावं धरू का? तीन माणसं?"

"सोमवारी सांगते."

"सोमवारी ट्रकच येल. तवा सांगून काय करू? शेठला आकडा आज पायजे."

"सकाळी आठच्या आत फोन करते. नायतर आम्ही ट्रकपाशी येऊन उभी राहू."

"राख मग मासं," चिमण हसला. "मागल्या टायमाला राखलंस तशी."

गाडी गेली. रखमीने हातातला चुरा झटकला आणि टाकीच्या कडेवर पडलेले चार दाणे बोटाने आत ढकलले.

मागल्या टायमाला, म्हणजे मे महिन्यात, टाकीतला एकूण एक मासा मेला होता. वीज दोन दिवस गेली, पंप थांबला, तिसऱ्या सकाळी पाणी पांढऱ्या पोटांनी भरलेले. शाळेमागची ती बाग बायकांच्या गटाची होती. छातीइतक्या उंचीची सिमेंटची गोल टाकी, तिच्यात चिलापी मासे. टाकीतले पाणी पंपाने उचलून खडीने भरलेल्या चार वाफ्यांत सोडायचे. माशांची घाण वाफ्यातल्या मेथीला, पालकाला, लाल माठाला खत म्हणून लागायची, आणि निवळलेले पाणी परत टाकीत पडायचे. भाजी अंगणवाडीत आणि आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात जायची. राखणीचे काम रखमीकडे होते, रोजावर.

मे महिन्यानंतर गटाची अध्यक्ष संगिता म्हणाली होती, "एकदा अजून करू. या वेळी मेले तर टाकी फोडून टाकायची आणि विषय बंद." जुलैत तीनशे पिल्ले सोडली. आता नोव्हेंबरात ती तळहाताएवढी झाली होती.

मासे जगले तर रखमीचे काम जूनपर्यंत होते. मेले तर भिवंडीकडची वीटभट्टी. नवरा धनेश, ती आणि मुलगी दक्षा, तिघेही. दक्षाला घरी ठेवायचे तर धनेशच्या म्हाताऱ्या आईपाशी, आणि तिचे स्वतःचेच पोट मोळ्या विकून जेमतेम भरत होते. मागच्या वर्षी होळीला भट्टीवरून परतेपर्यंत दक्षाची नववी हातची गेली होती. शाळेने तिला वर ढकलले. दहावीला कोणी ढकलणार नव्हते.

इंजिनिअरिंग कॉलेजची तीन मुले गुरुवारपासून शाळेच्या एका वर्गात मुक्कामाला होती. जयश्री मूळची जवळच्याच चिखले गावची, तिला इकडची बोली कळायची. तुषार आणि संदीप वसईचे. वीज गेली तरी पंप चालावा म्हणून त्यांनी बॅटरी बसवली होती. टाकीत शेवाळ धरू नये म्हणून वर बांबूच्या चौकटीवर हिरवे नेट बांधून सावली करायची होती. आणि माशांची घाण खडीत जाऊन तुंबत होती, ती आधीच खाली बसावी म्हणून टाकी आणि वाफे यांच्यामध्ये दोनशे लिटरचा निळा ड्रम बसवायचा होता. ड्रमाला भोके पाडून, नळ्या लावून, शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तो काठोकाठ भरून ठेवला. कुठे गळतो का ते पाहायला.

शनिवारी सकाळी एका जोडापाशी थेंब दिसला.

"एल्बो बदलायला लागेल," तुषार म्हणाला. "डहाणू रोडला मिळेल ना?"

"मिळेल. आणि दोरी पण आणू," जयश्री म्हणाली. "नेट बांधायला कमी पडते आहे."

धनेश बांबू तासत बसला होता. भाताची झोडणी उरकली होती, त्याला दोन दिवस मोकळे होते. तो मान वर न करता म्हणाला, "दोरी कशाला, मॅडम? साल आणतो ना मी. आमची अख्खी घरं सालीनं बांधलेली आहेत. नायलॉन उन्हानं तुटते, साल नाय तुटत."

"टिकेल ना दादा?"

"तुमची डिग्री व्हईल, नोकरी लागंल, पोरं व्हतील. तवर टिकंल."

संदीप मोठ्याने हसला. जयश्रीने कानामागे केस सारले. "मग दोरी नको. साल वापरू."

तिघे गेल्यावर धनेश कोयता घेऊन टेकाडावर गेला. कुंभ्याच्या झाडाच्या दोन जाड फांद्या तोडल्या, त्यांची साल लांब पट्ट्यांनी सोलून काढली, दगडावर ठेवून कोयत्याच्या पाठीने चेचली. आत ती मांसासारखी लाल होती. चेचलेली साल भिजवल्याशिवाय वळत नाही. त्याने इकडेतिकडे पाहिले. हातपंपावर बायकांची रांग होती. निळा ड्रम समोर भरलेलाच होता. त्याने भारा ड्रमात दाबला, वर दगड ठेवला आणि बांबूंच्या खाचा करायला बसला.

अकराला त्याने पट्टे बाहेर काढले, एकेक पायाखाली धरून पिळला, निथळलेले पाणी ड्रमातच पडू दिले. बांबूची चौकट उभी केली. अंगणवाडीत भाजी पोचवून तेवढ्यात परतलेल्या रखमीने खालून टोके धरली, तो वर चढून गाठी मारत गेला. ओली साल तळहाताला घासून त्याची जुनी जखम उघडली. त्याने ती तोंडात धरली, थुंकला, पुढची गाठ मारली. बाराला सावली पडली.

"ताठ बसली," रखमी म्हणाली.

"बसंलच," तो म्हणाला आणि उरलेली साल घरी ठेवायला निघून गेला.

मुले साडेबाराला आली. सावली पाहून तुषारने फोटो काढले. नवा एल्बो बसवला. ड्रमातले पाणी तांबूस दिसत होते. संदीपने वाकून पाहिले.

"हे लाल कशानं?"

"खडीची धूळ असेल," तुषार म्हणाला. "शुक्रवारी खडीच्याच बादलीनं भरला होता ना. बसेल खाली."

एक वाजून दहा मिनिटांनी जयश्रीने झडप उघडली. पाणी ड्रमातून वाफ्यांत आणि वाफ्यांतून टाकीत फिरू लागले. तुषारने टाळ्या वाजवल्या. रखमी भाजीच्या जुड्या बांधत होती. तिने पाहिले आणि तीही हसली.

पावणेदोनला टाकीवर फेस आला. आधी नळीखाली वाटीएवढा, मग कडेकडेने. मासे वर आले. तोंडे पाण्याबाहेर काढून गिळल्यासारखी करू लागले. एक मासा एका कुशीवर होऊन गोल फिरला, सरळ झाला, परत कुशीवर झाला.

"मॅडम," रखमी म्हणाली. जुडी तिच्या हातातून खाली पडली. "मॅडम, इकडं या."

पुढची वीस मिनिटे मुलांनी पळापळीत काढली. संदीपने हवेचा दुसरा पंप लावला. जयश्रीने काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले, रंग कागदाशी ताडून पाहिला. अमोनिया नव्हता. आम्लता ठीक. तिने परत केले. तेच आले. तिने सरांना फोन लावला, लागला नाही. तोवर तीस-चाळीस मासे उताणे तरंगत होते.

तुषारने फेस ओंजळीत घेतला, बोटांत चोळला. बुळबुळीत लागला. त्याने रखमीकडे पाहिले.

"ताई, ड्रम धुतला होता का तुम्ही? साबणानं?"

"नाय."

"पावडर वगैरे? भांड्यांची? रागवत नाही, फक्त सांगा. कळलं तर काहीतरी करता येईल."

"नाय धुतला, सर. मी हातच नाय लावला ड्रमाला."

कोणीतरी संगिताला बोलावून आणले होते. ती धापा टाकत आली, टाकीत पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "रखमे, सकाळी इठं कोन होतं? हे तिघं तर डहाणूला गेलेले."

"मी होते."

"मग?"

"मग काय? नाय धुतला म्हनते ना."

"साबनाचा फेस दिसतो आहे डोल्यांना. मागच्या वेळंला लाइट गेली, तुझी चूक नव्हती, मी गटात तुझ्यासाठी भांडले. आता काय सांगू? तुला स्वच्छ करायची खोडच आहे. अंगणवाडीचे पातेले पन दोनदा घासतेस."

कुंपणापाशी सात-आठ बाया जमल्या होत्या. रखमीने पदर तोंडावर नेला आणि लगेच काढला. तिने वाकून एक मासा उचलला. तो तिच्या तळहातावर निपचित पडला, कल्ले एकदा उघडले, मिटले. रडण्यापेक्षा वाईट वाटावे असा तिचा आवाज अगदी साधा निघाला. "साबन असता तर मी सांगितलं असतं. खोटं बोलून मासं जगनार आहेत का?"

जयश्रीने तिच्याकडे पाहिले. "तुषार, बस झालं," ती म्हणाली. "त्या नाही म्हणतायत."

"मग फेस कुठून आला?"

जयश्रीने काचेची नळी परत टाकीत बुडवली.

धनेशची आई, काळी, लाकडांची मोळी घेऊन टेकाडावरून उतरत होती. गर्दी पाहून ती वळली. मोळी कुंपणाला टेकवली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि बायांच्या मधून वाट काढत टाकीपाशी आली. तिची उंची टाकीच्या कडेपेक्षा थोडीच जास्त होती. हनुवटी कडेवर ठेवून ती पाहत राहिली.

"हं मेलं नाय," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही जरा बाजूला व्हा," तुषार म्हणाला.

"मेलं नाय रं पोरा. झिंगलंत." तिने हात पाण्यात घातला, फेस बोटांत चोळला, नाकाशी नेला. मग जिभेला लावला आणि थुंकली. "कुंभा. कोनी टाकला इठं कुंभा?"

संगिता म्हणाली, "काय बोलतेस, म्हातारे?"

"नदीला उन्हाल्यात डोह राहतंत, तवा आम्ही साल चेचून टाकायचो. मासं अशीच वर येत. अशीच गोल फिरत. आम्ही हातांनं येचायचो." काळीने मान वळवून चौकटीकडे पाहिले. लाल पट्ट्यांच्या घट्ट गाठी. "धनेश कठं आहे?"

धनेश कुंपणापाशीच उभा होता. उरलेली साल घरात टांगून तो परत आला तेव्हा गलका ऐकू आला होता. त्याने आईकडे, मग गाठींकडे, मग ड्रमाकडे पाहिले.

"साल ड्रमात भिजवली," तो म्हणाला. "पानी भरलेलं होतं. माना काय माहीत ते माशांना जानार."

"तुला माहीत नाय कुंभ्यानं मासं मरतात?" संगिताचा आवाज चढला.

"माहीत आहे! सगल्यांना माहीत आहे. पन ड्रम मोकळा होता. कशाला जोडलेला नव्हता."

"आम्ही सांगितलंच नाही," जयश्री म्हणाली. ती पांढरी पडली होती. "तो ड्रम कशाला आहे ते दादांना सांगितलंच नाही. आणि जोडायच्या आधी पाणी ओतून द्यायला पाहिजे होतं." तिने झडप बंद केली. "आजी, आता काय करायचं? यावर औषध काय?"

"औषध कसलं? आम्ही मोठं मोठं येचायचो, ल्हानी खाली व्हावून जायची. पुढच्या चांगल्या पान्यात गेली की शुद्धीवर यायची, पलून जायची." काळीने टाकीवर चापट मारली. "व्हात्या पान्यात न्या. बोलत काय बसलात!"

शाळेच्या मागे ऐंशी पावलांवर ओहोळ होता. पंधरा दिवसांपूर्वी गावाने सिमेंटच्या गोण्यांत माती भरून त्याला बांध घातला होता. बांधावरून गुडघ्याखालपर्यंत पाणी वाहत होते. काळीने हुकूम सोडले. घराघरांतून टोपल्या, हारे, भात उपणायची सुपे निघाली. टोपलीत मासे, वर जुने लुगडे बांधलेले, आणि टोपली ओहोळात दगडांच्या मध्ये बसवलेली, म्हणजे पाणी आरपार जाईल आणि मासा पळणार नाही.

संदीप टाकीत उतरला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होते. तो दोन्ही हातांनी मासे उचलून वर देऊ लागला, रखमी घमेल्यात घेऊ लागली, बाया घमेली पळवू लागल्या. वाट चिखलाची झाली. तुषारचा बूट चिखलात रुतून राहिला. तो तसाच एका पायात बूट घालून तीन खेपा पळाला आणि चौथ्या खेपेला दुसराही काढून फेकला. शाळा सुटली होती. दक्षा दप्तरासकट धावत आली, दप्तर खांबाला अडकवले आणि ओहोळात उतरली.

"हलव," काळीने तिला सांगितले. "टोपली जरा हलवत ऱ्हा. कल्ल्यात पानी गेलं पायजे."

धनेशने एकट्याने बारा टोपल्या वाहिल्या. शेवटची टोपली दगडांत बसवून तो पाण्यातच उकिडवा बसला आणि लुगड्याची कड उचलून आत पाहत राहिला. मासे एकावर एक पडलेले होते. पाण्याच्या ओढीने त्यांच्या शेपट्या हलत होत्या. ते हलणे पाण्याचे होते की माशांचे ते सांगता येत नव्हते.

सव्वातीनला दक्षा ओरडली, "आजी! ह्यानं उडी मारली!"

सगळ्यांनी माना वळवल्या. दक्षाच्या टोपलीवरचे लुगडे आतून धडकले. परत धडकले. दुसऱ्या टोपलीत खळबळ झाली. धनेशच्या हाताखालचा एक मासा कुशीवरून सरळ झाला, क्षणभर तसाच थांबला आणि टोपलीच्या कडेवर जोरात आपटला. धनेशने दोन्ही हातांनी लुगडे दाबून धरले. त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता.

"धर, धर," काळी म्हणाली, "नायतर आमच्या वेळंसारखं खालच्या पाड्याचं नशीब उघडंल."

बाया हसल्या. दुपारपासून पहिल्यांदाच.

मुलांनी तोवर टाकी आणि ड्रम रिकामे करून घासले, साबणाशिवाय. खडीतले पाणी दोनदा बदलले. चांगले जिवाणू खडीत असतात, ते धुऊन जाऊ नयेत म्हणून खडी चोळायची नाही, हे जयश्रीने या वेळी सगळ्यांना जमवून सांगितले, आणि ड्रम कशासाठी, झडप कोणती, पाणी कुठून कुठे जाते, तेही. संगिताने मध्येच अडवून विचारले, "हे गुरुवारी का नाय सांगितलं?" जयश्री म्हणाली, "चुकलं, ताई." संगिताने झडप स्वतः एकदा फिरवून पाहिली.

ओहोळाचे पाणी पंपाने टाकीत भरले. धनेश चौकटीवर चढला आणि स्वतःच मारलेल्या गाठी कोयत्याने एकेक तोडत गेला. मुलांनी आधी आणलेली थोडी नायलॉन दोरी चार कोपऱ्यांना पुरली, मधल्या जोडांना संदीपने बॅटरीची उरलेली वायर दिली. सूर्य टेकाडामागे गेला तेव्हा मासे टाकीत परत गेले. मोजून दोनशे शहाऐंशी. अकरा मेले होते. बाकीचे कदाचित ओहोळाने नेले.

"अकराचं काय करायचं? पुरून टाकू?" तुषारने विचारले.

काळीने त्याच्याकडे असे पाहिले, की तो एक पाऊल मागे सरकला. "पुरायचं? मासं?"

"विषारी आहेत ना, आजी."

"आमची हाडं त्याच्यावर वाढलीत. कुंभ्याचा मासा मानसाला काय करत नाय. मासा झिंगतो, खानारा नाय."

"घरच्या टोपातच शिजवनार आहे, सर," रखमी म्हणाली. "नको असलं तर भात-डाल खा."

आंबट घातलेले कालवण झाले. काळीने आधी एक तुकडा काढून तोंडात घातला आणि मुलांसमोर चावून दाखवला. जयश्रीने दुसरा घेतला. संदीपने काटे काढायला वेळ लावला. तुषारने शेवटी रस्सा भातावर ओतून घेतला, मग परत मागितला. जेवताना रखमी त्याच्या ताटात वाढायला वाकली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "ताई, मी साबणाचं उगाच म्हणालो."

"खा," रखमी म्हणाली. "काटा बघून खा."

संगिता जेवायला थांबली नव्हती. जाताना तिने रखमीचा हात धरला होता आणि धनेशला म्हणाली होती, "उद्या खातात का ते बघू. खाल्लं नाय तर आतून गेलेत समजायचं. मग गट काय म्हनंल, माना सांगता येनार नाय."

रविवारी सकाळी मासे तळाशी बसून राहिले. रखमीने चिमूटभर खाणे टाकले. ते पाण्यावर पसरले, फुगले आणि तसेच तरंगत राहिले. जयश्री म्हणाली, "एक दिवस उपाशी राहू देत. धक्का बसलाय त्यांना." तिने पाणी तपासले, वहीत लिहिले. मुलांना संध्याकाळच्या गाडीने जायचे होते. तिने जाणे एक दिवस पुढे ढकलले. रखमीने भाजी तोडली नाही. दिवसातून सहा वेळा टाकीपाशी गेली आणि सहा वेळा तरंगते खाणे गाळून काढले. धनेशने घरातले गोणपाट काढून झटकले. भट्टीवर नेतात ते.

सोमवारी थंडी होती. सात वाजता टाकीपाशी धनेश, काळी, तीन मुले आणि युनिफॉर्म घातलेली दक्षा उभी होती. हायवेच्या बाजूने ट्रकचा हॉर्न ऐकू आला, अजून लांब. रखमीने डब्याचे झाकण उघडले आणि डबा दक्षाच्या हातात दिला.

"मी टाकू, आई?"

"टाक. मी रोज टाकते, तर माझ्या हाताला भीक नाय घातली काल."

दक्षाने मूठ भरली आणि फेकली. दाणे पसरले. एक, दोन, तीन, चार... जयश्री ओठांनी मोजत होती. मग खालून एक काळी पाठ वर आली, एक दाणा गेला. दुसरी पाठ. तिसरी. आणि मग एकदम पाणी उसळले. नळीखालपासून कडेपर्यंत सगळी टाकी खदखदू लागली, थेंब दक्षाच्या रिबिनींवर उडाले. ती किंचाळून मागे सरली आणि परत पुढे येऊन तिने दुसरी मूठ फेकली.

"बस, बस," जयश्री म्हणाली, "जास्त नको." तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवले नाहीत.

रखमीने कमरेचा फोन काढला. चिमण लगेच उचलला. मागे ट्रकच्या इंजिनाचा आवाज होता.

"बोल, रखमे. तीन ना?"

"नाय."

"दोन?"

"एक पन नाय. आमची नावं काढ."

"बघ हां. मग मधीच फोन करशील, तर जागा नसंल."

"नसू दे."

तिने फोन ठेवला. ट्रकचा हॉर्न पाड्याच्या तोंडाशी आला, दोनदा वाजला. तीन-चार घरांची माणसे भांडी-अंथरुणे घेऊन निघाली होती. धनेश त्यातल्या एकाचे ओझे उचलू लागायला गेला. दक्षा दप्तर पाठीला लावून शाळेच्या पुढच्या दारी वळली, रस्ता चार पावलांचा होता तरी धावत. रखमी विळा घेऊन पहिल्या वाफ्यापाशी बसली. दोन दिवस न तोडलेला पालक जून व्हायला आला होता, आणि अंगणवाडीत नवाच्या आत भाजी पोचवायची होती.